नोव्हाकचें तारण

कांहीं कलाकृतींची कीर्तीच त्यांच्या परीक्षणाच्या आड येते. सर्वांनीं एकमुखानें वाखाणलेल्या कृतीविषयीं वेगळें कांहीं बोलावयास कोणी धजत नाहीं, आणि धजलाच तर त्याच्या बोलण्यांत मत्सर असावा असा संशय वाचकांस येतो. विल्यम वायलर यांनीं दिग्दर्शित केलेला 'दि बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज' हा १९४६ सालचा अमेरिकन बोलपट असल्या भाग्यवान कृतींपैकीं एक आहे. सॅम्युएल गोल्डविन यांनीं तो काढला, मॅकिन्ले कँटर यांच्या निर्यमक पद्यांत लिहिलेल्या कादंबरीवरून रॉबर्ट शेरवुड यांनीं त्याची पटकथा रचली, आणि त्याच्या पदरांत सात ऑस्कर पारितोषिकें पडलीं. जवळजवळ तीन तास चालणारा हा बोलपट आम्हीं एकाहून अधिक वेळां पाहिला आहे, व दर वेळीं त्याच्या संयमाचें आम्हांस कौतुकच वाटलें आहे. तेव्हां पुढील लिहिणें चाहत्याचें आहे, एवढें प्रथमच सांगून ठेवितों.

कथा साधी आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर तीन सैनिक एकाच विमानांतून आपल्या गांवीं परततात. अॅल हा युद्धापूर्वीं बँकेंतील अधिकारी होता, युद्धांत मात्र पायदळांतला सार्जंट. फ्रेड युद्धापूर्वीं औषधांच्या दुकानांत सरबतें व आइस्क्रीम वाढीत असे, युद्धांत तो विमानदळांतला कप्तान झाला. तिसरा होमर, आरमारांतला पोरसवदा खलाशी. त्याचे दोन्ही हात गेले असून त्यांच्या जागीं लोखंडी आंकडे आहेत. हें काम करणारा हॅरॉल्ड रसेल हा धंदेवाईक नट नव्हता. १९४४ सालीं सैन्याच्या शिक्षणछावणींत स्फोट होऊन त्याचे हात खरोखरच तुटले होते. होमर आपल्या वाग्दत्त वधूला निजावयाच्या खोलींत नेऊन आंकडे काढून ठेवल्यावर आपण किती असहाय होतों हें दाखवितो, तो प्रवेश पाहतांना टीकाकाराची लेखणीही क्षणभर थांबते. त्याविषयीं अधिक लिहिणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आमचें लक्ष दुसऱ्याच एका प्रवेशाकडे आहे. अॅलला त्याच्या बँकेनें परत येतांच लहान कर्जांच्या खात्याचा उपाध्यक्ष नेमलें आहे; कारण सैनिकांसाठीं नवा कायदा झाला आहे, आणि सैनिकांशीं सैनिकानेंच बोलावें हें व्यापाराच्या दृष्टीनें शहाणपणाचें. त्याच्या मेजापुढें नोव्हाक नांवाचा एक तरुण येऊन बसतो. हाही लढून आलेला. त्याला ४० एकरांचा जमिनीचा तुकडा घ्यावयाचा आहे. आजवर त्याच्या घराण्यानें दुसऱ्याच्या जमिनींत वाट्यानें राबून दिवस काढले. तारण काय, असें अॅल विचारतो. तारण कांहींच नाहीं. अॅल घुटमळतो. इतक्यांत होमर आपला पेन्शनचा धनादेश वटविण्यासाठीं बँकेंत येतो. अॅल त्याच्याशीं दोन शब्द बोलतो, परत मेजापाशीं येतो आणि नोव्हाकचें कर्ज मंजूर करून टाकतो. पुढें बँकेचे अध्यक्ष त्याला बोलावून सौम्य शब्दांत समज देतात. हे पैसे आपले नव्हेत, ठेवीदारांचे आहेत, याची आठवण देतात. अॅलचें उत्तर असें कीं, अंगावरच्या कपड्यांखेरीज आणि अंतःकरणांतल्या बळाखेरीज ज्यांच्यापाशीं कांहीं उरलें नाहीं अशीं माणसें त्यानें रणांगणावर पाहिलीं आहेत, कोणावर विसंबावें आणि कोणावर नाहीं हें ओळखावयास तो तेथें शिकला, आणि या नोव्हाकचें तारण त्याच्या हातांत व छातींत आहे. नंतर एका मेजवानींत, मद्याचे पेले जरा अधिक झाल्यावर, तो एक गोष्टही सांगतो : टेंकडी काबीज करण्याचा हुकूम झाला असतां 'तारण नाहीं' म्हणून आम्ही हटून बसलों, टेंकडी घेतली नाहीं, आणि युद्ध हरलों.

हा प्रवेश लिहिणाऱ्याचें कसब थोर आहे. हात गेलेला होमर आणि हातांखेरीज कांहीं नसलेला नोव्हाक यांस एकाच छपराखालीं क्षणभर आणून सोडलें आहे, व कोणी तोंडानें कांहीं न बोलतां अॅलचा निर्णय झाला आहे. आमच्याकडील सावकारही खतावणी उघडण्यापूर्वीं कुळाच्या तोंडाकडे पाहत असे, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. फरक एवढाच कीं आमच्या कथांतून तें पाहणें क्रूर असतें, येथें तें कृपाळू आहे. आणि ही कृपाळू दृष्टि या बोलपटाची नैतिक धुरा आहे. मनुष्यास पाहून मनुष्य ओळखतां येतो, आणि असा ओळखणारा पेढीवर बसला म्हणजे सैनिकाचें भलें होतें, हें त्याचें प्रमेय. त्या प्रमेयाचीच आम्हांस परीक्षा करावयाची आहे. आणि ती पडद्यावर होणें शक्य नाहीं, त्यासाठीं ज्या कायद्यामुळें नोव्हाक बँकेंत आला त्या कायद्याकडे वळलें पाहिजे.

हा कायदा म्हणजे अध्यक्ष रूझव्हेल्ट यांनीं २२ जून १९४४ रोजीं सही केलेला सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा. लोक त्यास सैनिकांचा हक्कनामा म्हणूं लागले. त्याच्या जन्मामागें औदार्य होतें तसें भयही होतें. पहिल्या महायुद्धांतील सैनिक आपल्या बोनसाची रक्कम मागावयास १९३२ सालीं राजधानींत तळ ठोकून बसले असतां मॅकआर्थर यांच्या हाताखालील फौजेनें त्यांच्या झोंपड्या उठवून लावल्या होत्या. तो देखावा कोणी विसरलें नव्हतें. आतां तर दीड कोटीहून अधिक लोक परतावयाचे होते. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेचे पूर्वाध्यक्ष हॅरी कॉलमेरी यांनीं वॉशिंग्टनांतील मेफ्लॉवर हॉटेलांत बसून कायद्याचा पहिला खर्डा लिहिला.

कायद्याचें गद्य रुक्ष असतें. परंतु ह्या रुक्ष गद्यांत जें लिहिलें होतें त्यानें एका देशाचें तोंड पालटलें. नव्वद दिवस नोकरी झालेल्या आणि बदनामीनें काढून न टाकलेल्या प्रत्येकास शिक्षणासाठीं वर्षास ५०० डॉलरपर्यंत फी व पुस्तकें, शिवाय एकट्यास महिना ५० आणि कुटुंबवत्सलास ७५ डॉलर. हे आकडे पुढें वाढविण्यांत आले. काम मिळेपर्यंत आठवड्यास २० डॉलर, फार तर ५२ आठवडे. घर, शेत किंवा धंदा यांसाठीं काढलेल्या कर्जाच्या निम्म्या रकमेची, २,००० डॉलरपर्यंत, सरकारी हमी. व्याज शेंकडा चाराहून अधिक नाहीं. १९४५ च्या डिसेंबरांत घरांपुरती ही हमी ४,००० डॉलरपर्यंत चढली. विद्वानांनीं तेव्हां नाकें मुरडलीं. शिकागो विश्वविद्यालयाचे रॉबर्ट हचिन्स यांस तर महाविद्यालयें म्हणजे भटक्यांचे तळ होतील अशी धास्ती वाटत होती. झालें उलटेंच. १९४७ सालीं महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपैकीं जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते, आणि अभ्यासांत ते कोणाहून मागें नव्हते. १९५६ सालीं मूळ योजना संपली तेव्हां सुमारें ७८ लाखांनीं शिक्षणाचा वा धंदेशिक्षणाचा लाभ घेतला होता. त्यांपैकीं सुमारें २२ लाख महाविद्यालयांत गेले. बाकीचे रेडिओ दुरुस्त करावयास, विटा रचावयास, शेती करावयास शिकले, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. घरांच्या हमीचीं कर्जें १९५२ पर्यंत चोवीस लाखांच्या घरांत गेलीं.

आतां एक सूक्ष्म भेद वाचकांनीं लक्षांत घ्यावा. आमचें सर्व म्हणणें त्यावर उभें आहे. शिक्षणाची तरतूद आणि कर्जाची तरतूद यांची घडण एक नाहीं. शिक्षणाच्या बाबतींत सरकारचा दाखला सैनिकाच्या खिशांत असे. जी शाळा त्याला घेईल तिला सरकार पैसे भरी. कर्जाच्या बाबतींत सरकार पैसे देत नव्हतें, केवळ जामीन राहत होतें. कर्ज द्यावयाचें कीं नाहीं हें ठरविणारा त्या त्या गांवचा बँकवाला. म्हणजे अॅल.

आणि अमेरिकेंतील सर्व बँकांत अॅल बसले नव्हते, ही या प्रकरणाची लहान बाजू होय. मोठी बाजू ही कीं जेथें अॅल बसले होते तेथेंही त्यांची दृष्टि ठराविक चेहऱ्यांवरच कृपाळू होती. सैन्यांत दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय होते. कायद्यांत वर्णाचा उल्लेख नाहीं. एक अक्षरही नाहीं. परंतु तो प्रतिनिधिगृहाच्या ज्या समितीतून गेला तिचे अध्यक्ष मिसिसिपीचे जॉन रँकिन होते. आठवड्याचे वीस डॉलर मिळूं लागले तर कृष्णवर्णीय मजूर कापसाच्या मळ्यांवर स्वस्तांत राबावयाचे नाहींत, ही त्यांची चिंता त्यांनीं लपविली नव्हती. अशा मंडळींस हा कायदा गिळतां यावा म्हणून त्याची अंमलबजावणी स्थानिक हातांत राहिली. शाळांवर मध्यवर्ती सरकारची देखरेख असूं नये असें तर त्यांत शब्दांत लिहिलेलें आहे. बँकांविषयीं तसें लिहिण्याचीही गरज पडली नाहीं.

याचें फळ काय झालें तें इरा कॅट्झनेल्सन यांनीं आपल्या २००५ सालच्या ग्रंथांत मांडलें आहे. 'एबनी' मासिकानें १९४७ सालीं मिसिसिपींतील तेरा शहरांची पाहणी केली. तेथें सरकारी हमीचीं ३,२२९ कर्जें दिलीं गेलीं होतीं. त्यांपैकीं कृष्णवर्णीय सैनिकांस मिळालीं दोन. दक्षिणेकडे बोट दाखवून उत्तरेनें हात झटकावेत, असेंही नाहीं. न्यूयॉर्क आणि उत्तर न्यू जर्सी यांच्या उपनगरांत अशा हमीच्या ६७,००० घरकर्जांपैकीं गोरेतरांच्या वाट्यास शंभरही आलीं नाहींत.

हें ध्यानांत धरून नोव्हाकचा प्रवेश पुन्हा पाहावा. त्या खुर्चींत बसलेला तरुण कुळ म्हणून राबणाऱ्याच्या पोटचा आहे, त्याच्यापाशीं तारण नाहीं, त्यानें देशाची सेवा केली आहे. मिसिसिपींतल्या कोणत्याही कृष्णवर्णीय सैनिकाचें हेंच वर्णन झालें असतें. इतकेंच नव्हे, त्या ४० एकरांस अमेरिकेच्या इतिहासांत जुना व कडू अर्थ आहे : १८६५ च्या जानेवारींत सेनापति शर्मन यांनीं मुक्त झालेल्या गुलामांच्या कुटुंबांस ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला होता, आणि तें वर्ष संपण्यापूर्वींच अध्यक्ष जॉन्सन यांनीं तो फिरविला. शेरवुड यांच्या मनांत हें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कृतीच्या शब्दांत कर्त्याच्या मनाहून अधिक कांहीं शिल्लक राहतें, व तें वाचणें हें टीकेचें काम आहे.

येथें एक आक्षेप घेतला जाईल, व तो क्षुद्र नाहीं. कलाकृतीनें जें दाखविलें नाहीं त्याबद्दल तिला जाब विचारणें अन्यायाचें. तीन गोऱ्या सैनिकांची कथा सांगणाऱ्यानें चौथ्याची कां सांगितली नाहीं, हा प्रश्न टीकेचा नव्हे, हजेरीपटाचा. तत्त्व म्हणून आम्हांस हें मान्य आहे. वायलर यांनीं एखादें कृष्णवर्णीय पात्र घालून आपली सद्बुद्धि सिद्ध करावयास हवी होती, अशी मागणी आम्ही करीत नाहीं. तसलीं पात्रें बहुधा पडद्याच्या कडेला उभीं राहून सहानुभूतीची भीक मागतात. आमचा मुद्दा कृतीच्या आंतला आहे. या बोलपटानेंच आपली कसोटी स्वतः मांडली : तारण पाहूं नका, माणूस पाहा. ती कसोटी प्रत्यक्षांत कशी चालते हें न दाखवितां तिच्यावर समाधानाचा शिक्का मारणें हा विचाराचा उणेपणा होय, आणि विचाराचा उणेपणा हा कलेचाच उणेपणा असतो. दृष्टि हें तारणाहून उदार माप आहे खरें. पण तारण मोजतां तरी येतें. कागद पुरे असूनही नकार मिळाला तर तक्रार करावयास कांहीं आधार राहतो. 'तुझ्याकडे पाहून माझा विश्वास बसत नाहीं' असें म्हणणाऱ्याविरुद्ध दाद कोठें मागावी?

अमेरिकन टीकाकार रॉबर्ट वॉरशो यांनीं १९४७ सालींच या बोलपटावर असा आरोप केला होता कीं, समाजाचे प्रश्न तो व्यक्तींच्या चांगुलपणावर नेऊन सोडतो. त्यांचा लेख आम्हांस जरा कठोर वाटतो. फ्रेडची नोकरी जाणें, त्याची बायको सोडून जाणें, मोडींत काढलेल्या बाँबफेकी विमानांच्या ओसाड रांगांतून त्याचें एकट्याचें हिंडणें, यांत समाज आहेच. ग्रेग टोलंड यांच्या छायालेखनानें तो जवळचें आणि दूरचें एकाच चौकटींत स्पष्ट ठेवून दाखविला आहे. दारूच्या गुत्त्यांत होमर पियानो वाजवीत असतां पार मागच्या कोपऱ्यांत फ्रेड टेलिफोनवरून आपलें प्रेम तोडून टाकतो, हें दोन्ही एकाच वेळीं पाहावयास लावणारी ती चौकट कोणी कशी विसरेल? पण इतकें दूरवर पाहणारा कॅमेराही बँकेच्या दाराबाहेर गेला नाहीं. तें दार कोणासाठीं उघडत नव्हतें हें त्याला दिसलें नाहीं.

बाहेर काय चाललें होतें याचा एकच दाखला देतों. १२ फेब्रुवारी १९४६ रोजीं आयझॅक वुडार्ड हा कृष्णवर्णीय सार्जंट सैन्यांतून मोकळा होऊन, अंगावर गणवेष असतांनाच, बसनें घरीं निघाला होता. दक्षिण कॅरोलायनांत पोलिसांनीं त्याला बसमधून उतरवून असें मारलें कीं त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. मारणाऱ्या अधिकाऱ्यास त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पंचांनीं निर्दोष ठरविलें. त्याच नोव्हेंबरांत होमर पडद्यावर प्रथम दिसला. अपंग होऊन घरीं आलेला तोही एक सैनिक होता, आणि हाही एक.

एका गोष्टीचें मात्र आम्हांस खरोखर नवल वाटतें. या बोलपटांतील तिघांपैकीं एकही पुन्हा शिकावयास जात नाहीं. फ्रेडसारखा बुद्धिमान, बेकार आणि अपमानित मनुष्य महाविद्यालयाची पायरी चढला नाहीं, तीही सरकारी खर्चानें चढतां येत असतां! कायद्याचा जो भाग सर्वांत यशस्वी ठरला तो कथेंत जवळजवळ नाहींच. आणि तोच भाग इतरांच्या मानानें न्यायी ठरला. तेथेंही भिंती होत्या : दक्षिणेंत गोऱ्यांचीं महाविद्यालयें बंद, कृष्णवर्णीयांचीं तुडुंब भरलेलीं, आणि सल्ला देणारे सरकारी कारकून त्यांना हलक्या धंद्यांकडेच वळविणारे. जोसेफ मॅडॉक्स या सैनिकास हार्वर्डमध्यें प्रवेश मिळाला असतां स्थानिक कचेरीनें फी नाकारली, कारण काय तर पायंडा पडेल! तरीही सुझॅन मेटलर यांनीं आपल्या २००५ सालच्या ग्रंथांत दाखविल्याप्रमाणें शिक्षण व धंदेशिक्षण घेणाऱ्यांचें प्रमाण १९५० पर्यंत कृष्णवर्णीय सैनिकांत गोऱ्यांहून कमी नव्हतें, आणि त्यांतील पुष्कळ लोक पुढें नागरी हक्कांच्या चळवळींत उभे राहिले. मिसिसिपींतील मेडगर एव्हर्स हे त्यांपैकींच. खिशांत दाखला होता तेथवर मनुष्य पोंचला. दुसऱ्याच्या नजरेची गरज पडली तेथें अडला. कॅट्झनेल्सन आणि मेटलर यांच्या वाचकांत या कायद्यावरून जो वाद चालतो तो पुष्कळ अंशीं यामुळें कीं, एक कर्जाकडे अधिक पाहतो आणि दुसरा शाळेकडे.

वुडार्ड आणि मॅडॉक्स यांचीं नांवें दिलेलें एक विधेयक २०२१ सालीं अमेरिकन काँग्रेसमध्यें मांडण्यांत आलें. ज्यांना हे लाभ नाकारले गेले त्यांच्या वंशजांस ते द्यावेत अशी त्यांत तरतूद होती. त्या काँग्रेसच्या मुदतींत तें संमत झालें नाहीं.

बोलपटाच्या शेवटाविषयीं थोडें लिहावयाचें राहिलें. फ्रेडला अखेर काम मिळतें तें त्याच मोडक्या विमानांच्या मैदानावर. त्यांच्या धातूपासून तयार घरें उभारावयाचीं आहेत. प्रतीक म्हणून हें जरा उघड आहे, तरी सुंदर आहे. प्रत्यक्षांतलीं घरें लाकडाचीं झालीं. १९४७ पासून लेव्हिट आणि पुत्र यांनीं लाँग आयलंडवरील बटाट्यांच्या शेतांत हजारों घरें एका ठशानें उभारलीं व पुष्कळशीं सैनिकांसच दिलीं. त्यांच्या पहिल्या करारांत असें कलम होतें कीं गोऱ्या वंशाखेरीज कोणी या घरांत राहूं नये. घरगडी मात्र चालेल. वंशाची अट घालणारे करार न्यायालयांतून अमलांत आणतां येणार नाहींत असा निकाल १९४८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला, तेव्हां कलम गेलें आणि वहिवाट राहिली. पेनसिल्व्हेनियांतील दुसऱ्या लेव्हिटटाउनांत १९५७ च्या ऑगस्टमध्यें विल्यम आणि डेझी मायर्स हें पहिलें कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आलें. विल्यम मायर्स हे महायुद्धांतले माजी सैनिक, चांगल्या नोकरींतले. पत्नी सुशिक्षित, पदरीं तीन मुलें. कित्येक रात्रीं घराभोंवतीं जमाव जमून आरडाओरडा व दगडफेक करीत राहिला. त्या घरासाठीं कर्ज द्यावयास एकही बँक तयार झाली नव्हती. न्यूयॉर्कमधील एका दानशूर गृहस्थानें तें खासगी रीतीनें दिलें होतें.